आजाराच्या दाखल्याचा बाजारभाव

पावसाळ्याच्या तोंडाशी जवळजवळ प्रत्येक कचेरीत घडणारा हा प्रसंग आहे. एखादा लिपिक दोन-तीन दिवस तापाने अंथरुणाला खिळतो. पॅरासिटमॉलच्या गोळ्या, मऊ भात आणि विश्रांती एवढ्यावर ताप उतरतो. चौथ्या दिवशी तो कामावर येतो, मस्टरवर सही करण्यासाठी पेन उघडतो, तोच आस्थापना शाखेतून विचारणा होते : "अहो, डॉक्टरांचा दाखला आणलात ना? नाहीतर रजा अडकेल." दाखला आणलेला नसतो, कारण डॉक्टरांकडे जाण्याइतके दुखणे वाढलेलेच नसते. मग बऱ्या झालेल्या माणसाने होऊन गेलेल्या आजाराचा पुरावा शोधायला निघायचे, असा उलटा प्रवास सुरू होतो.

पूर्वी हा प्रवास नाक्यावरच्या ओळखीच्या दवाखान्यापाशी संपत असे. आता तो खुर्चीतून उठण्यापूर्वीच संपतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मोबाईलवर एक संकेतस्थळ उघडून देतो. नाव, वय, तक्रार, रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढी माहिती भरायची आणि काही शे रुपये मोबाईलवरूनच चुकते करायचे. क्वचित एखाद्या डॉक्टरचा दोन मिनिटांचा फोन येतो, क्वचित तोही येत नाही. दुपारच्या चहापूर्वी डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेला दाखला हजर होतो. त्याची छापील प्रत काढून अर्जाला जोडली की कचेरीचे समाधान होते आणि प्रकरण मिटते.

या व्यवहारात खोटे नेमके काय, हे पाहण्यासारखे आहे. लिपिकाला आलेला ताप खरा होता, त्याची गैरहजेरीही खरी होती. खोटे फक्त एकच वाक्य : "मी या रुग्णास तपासले असून..." म्हणजे खऱ्या आजाराला खोट्या दाखल्याचा आधार घ्यावा लागला. त्याच दिवशी, त्याच संकेतस्थळावरून, त्याच डॉक्टरच्या सहीचा आणखी एक दाखला मेहुण्याच्या लग्नाला जाऊन आलेल्या गृहस्थानेही घेतला असेल. कचेरीच्या फायलीत हे दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले जातात आणि त्यांतला खरा आजारी कोण, हे सांगण्याचे कोणतेही साधन कचेरीपाशी उरत नाही. ज्या कामासाठी दाखला मागितला जातो, तेच काम तो करीत नाही. या प्रश्नाचा गाभा हा आहे.

कागदाला किंमत येते कोठून?

कोणत्याही वस्तूचा बाजार उभा राहतो तो मागणीमुळे. वैद्यकीय दाखल्याची मागणी रुग्णाच्या गरजेतून निर्माण होत नाही. ताप उतरण्यासाठी दाखल्याचा काडीचाही उपयोग नाही. ती निर्माण होते नियमांतून. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ अन्वये कर्मचाऱ्याच्या खाती वर्षाला वीस दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय दाखला जोडला, तर हीच रजा परिवर्तित रजेच्या रूपाने पूर्ण वेतनावर घेता येते. मात्र एका दिवसामागे खात्यातून दोन दिवस वजा होतात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्येही परिवर्तित रजेची अशीच तरतूद आहे. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याचे एका दिवसाचे वेतन दोन हजार रुपये आहे. तीन दिवसांच्या आजारात दाखला नसेल आणि अर्धवेतनी रजा घ्यावी लागली, तर त्याच्या हाती तीन हजार रुपये पडतात. दाखला असेल, तर सहा हजार. त्या महिन्यापुरती त्या एका कागदाची किंमत तीन हजार रुपये झाली. तो काही शे रुपयांत मिळत असेल, तर त्याला गिऱ्हाईक मिळाले यात नवल ते काय?

याच नियमांत एक सोयीची खिडकी आहे. तीन दिवसांपर्यंतच्या रजेसाठी वैद्यकीय दाखल्याची अट शिथिल करण्याचा अधिकार रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिलेला आहे. परंतु अशी रजा वैद्यकीय दाखल्यावरची रजा मानली जात नाही. ती अन्य रजेच्या खात्यातून वजा होते. याचा अर्थ असा की, प्रामाणिकपणे "मला ताप होता, मी डॉक्टरकडे गेलो नाही" असे सांगणाऱ्याला नियम खोटा ठरवीत नाही, पण त्याला काही दंड भरावयास लावतो. जो कागद विकत आणतो त्याला हा दंड नाही. प्रामाणिकपणा महाग आणि कागद स्वस्त, अशी ही रचना आहे.

विद्यार्थ्यांची स्थिती वेगळी नाही. मुंबई विद्यापीठासह अनेक विद्यापीठांत परीक्षेला बसण्यासाठी पंच्याहत्तर टक्के उपस्थितीची अट आहे आणि उपस्थितीतली तूट माफ करून घेण्याचा हमखास मार्ग म्हणजे आजारपणाचा दाखला. सत्राच्या अखेरीस महाविद्यालयांच्या कार्यालयांत कावीळ, विषमज्वर आणि मणक्याच्या विकारांची जी लाट उसळते, तिची नोंद आरोग्य खात्याने घेतल्यास मोठीच खळबळ माजेल. यांतले काही विद्यार्थी खरोखरच आजारी असतात. पण त्यांचेही दाखले त्याच गठ्ठ्यात बांधले जातात आणि त्याच संशयाने चाळले जातात.

सर्वांत बिकट अवस्था आहे ती ज्यांना भरपगारी रजाच नाही त्यांची. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक, कंत्राटी संगणकचालक, ठेकेदाराकडचा शिपाई यांचा आजारपणाचा दिवस बिनपगारीच जातो. तरीही पुढल्या महिन्यात काम टिकावे म्हणून दाखला त्यांनाही मागितला जातो. म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, आणि ती का बुडाली याचा पुरावा देण्यासाठी वर आणखी खर्च! नोंदणीकृत डॉक्टरांच्या फीपेक्षा मोबाईलवरचा दाखला स्वस्त पडला आणि दवाखान्याच्या बाकावरचे दोन तासही वाचले, तर त्या माणसाला नीतीचे पाठ देण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

सल्ला आणि साक्ष

या सगळ्याचे खापर दूरवैद्यकावर फोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे. २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारने दूरवैद्यक व्यवसायासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि चित्रफितीद्वारे, दूरध्वनीवरून अथवा लेखी संदेशांतून रुग्णाला सल्ला देण्याला स्पष्ट चौकट मिळाली. असा सल्ला केवळ नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यावयाचा. रुग्णाची आणि डॉक्टरची एकमेकांना ओळख पटली पाहिजे. सल्ल्याची नोंद ठेवली पाहिजे. कोणती औषधे दुरून देता येतात आणि कोणती मुळीच देता येत नाहीत याच्या याद्या पाळल्या पाहिजेत. यंत्राने स्वतः निदान करून औषध लिहून द्यावयाचे नाही, असे त्यात सांगितले आहे. प्रत्यक्ष तपासणीवाचून भागणार नाही असे वाटल्यास तसे सांगण्याची मुभा, किंबहुना जबाबदारी, डॉक्टरवर सोपविलेली आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतून घरबसल्या विनामूल्य सल्ला मिळू लागला. डोंगराळ आणि आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे जेथे प्रमाण आहे, तेथे पाड्यावरच्या आजारी माणसाला फोनवर डॉक्टर भेटणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे शहरात बसून कळणे कठीण आहे.

तेव्हा दुरून मिळणारा सल्ला हा दोष नव्हे. परंतु सल्ला आणि दाखला या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच सगळा गोंधळ झाला आहे. सल्ला मागणारा रुग्ण डॉक्टरशी खोटे बोलत नाही, कारण खोटे बोलल्यास नुकसान त्याचेच होते. पोट दुखत असताना डोके दुखते असे सांगून चुकीचे औषध कोण घेईल? येथे दोघांचे हित एकाच दिशेने वाहते, म्हणून दूरध्वनीवरचा संवादही पुष्कळदा पुरेसा ठरतो. दाखल्याचे तसे नाही. दाखला लिहिला जातो तो रुग्णासाठी नव्हे, तर मुख्याध्यापक, कार्यालय अधीक्षक, प्राचार्य अशा तिसऱ्याच माणसाला दाखविण्यासाठी. तेथे डॉक्टर हा वैद्य नसून साक्षीदार असतो. रुग्णाचे हित आणि वाचणाऱ्याचे हित येथे एक असेलच असे नाही. जी माहिती सल्ल्याला पुरते, ती साक्षीला पुरेल असे गृहीत धरणे म्हणजे फिर्यादीच्या सांगण्यावरून साक्षीदाराने "मी डोळ्यांनी पाहिले" म्हणण्यासारखे आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यावसायिक वर्तणुकीसंबंधीच्या २००२ च्या विनियमांना हा फरक चांगलाच ठाऊक होता. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद डॉक्टरने स्वतंत्र नोंदवहीत करावी, त्याची प्रत ठेवावी, दाखल्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा घ्यावा, पत्ता आणि अंगावरची किमान एक ओळखखूण नमूद करावी, असे ते विनियम सांगतात. दिशाभूल करणारा किंवा खोटा दाखला दिल्यास डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढून टाकले जाऊ शकते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे विनियम जाहीर केले, पण त्याच महिन्यात ते स्थगित करून २००२ च्या विनियमांचाच अंमल पुन्हा सुरू केला. हनुवटीवरचा तीळ आणि डाव्या हाताचा अंगठा मोबाईलच्या पडद्यावरून कसा टिपावा, याची चिंता काही शे रुपयांत दाखला देणारी सेवा करीत असेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. कायद्याचे हात येथे ग्राहकापर्यंतही पोहोचतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ अन्वये, पुरावा म्हणून कायद्याला मान्य असणारा दाखला जाणूनबुजून खोटा देणे हा गुन्हा आहे. आणि असा दाखला खोटा आहे हे माहीत असूनही खरा म्हणून वापरणे हा कलम २३५ अन्वये गुन्हा आहे. "डॉक्टरने दिला, आम्ही जोडला" ही सबब तेथे चालणारी नाही.

फी कशाची?

तथापि, शिक्षेच्या भीतीवर बाजार थांबत नसतात. व्यवहाराची रचनाच जेव्हा चुकीच्या वर्तनाला बक्षीस देते, तेव्हा कायदा कपाटात राहतो. या नव्या सेवांच्या फीकडे पाहिले म्हणजे ही रचना उघडी पडते. नाक्यावरचा डॉक्टर फी घेत असे ती तपासणीची. तपासून "तुम्हाला काही झालेले नाही, उद्यापासून कामावर जा" असे सांगितले, तरी ती फी त्याची असे. संकेतस्थळावर ग्राहक पैसे भरतो ते दाखल्याचे. दाखला मिळाला नाही, तर पैसे परत करण्याचे आश्वासनही काही ठिकाणी दिलेले असते. ग्राहकाला हे आश्वासन गोड वाटते. वस्तुतः तेच सर्वांत घातक आहे. कारण त्याचा अर्थ असा की, "नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरला काहीच मिळावयाचे नाही. ज्या साक्षीदाराला साक्ष अनुकूल दिली तरच मोबदला मिळतो, त्याच्या साक्षीवर कोणते न्यायालय विश्वास ठेवील?

याचा अर्थ जुना काळ सोवळा होता असे नव्हे. कचेऱ्यांच्या आसपास, केवळ दाखल्यांवर चालणारे दवाखाने पूर्वीही होते आणि कोऱ्या दाखल्यांवर आगाऊ सह्या करून ठेवणारे महाभागही होते. परंतु त्या दुष्कृत्याला काही मर्यादा होत्या. एक डॉक्टर दिवसाला किती माणसांना भेटणार? शिवाय तो त्याच गावात राहत असे. त्याने दिलेल्या दाखल्यावर गावातले दहा लोक हसले, तर त्याची लाज त्याला वाटत असे. ओळख आणि अंतर या दोन नैसर्गिक बंधनांनी खोट्या दाखल्याचा पुरवठा आटोक्यात ठेवला होता. संकेतस्थळाने ही दोन्ही बंधने एकदम काढून टाकली. नागपूरच्या रुग्णाला दुसऱ्याच राज्यातला, कधीही न भेटलेला आणि पुढे कधी न भेटणारा डॉक्टर दाखला देऊ लागला. पुरवठ्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. आणि पुरवठ्याचा खर्च शून्यावर आलेल्या पुराव्याची किंमतही शून्यच होते, मग तो कितीही सुबक छापलेला असो.

खरा आजारी मरतो तो येथे

१९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. गाडी चांगली की खराब, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना मध्यम भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात. उरलेल्या गाड्यांचा दर्जा घसरतो, भाव आणखी उतरतो, आणि अखेरीस बाजारात भंगारच तेवढे उरते. या विचारसरणीबद्दल ॲकरलॉफ यांना २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खोटे नाणे खऱ्या नाण्याला हद्दपार करते, हा ग्रेशमचा जुना नियम पाठ असलेल्यांना यात ओळखीचा सूर ऐकू येईल.

दाखल्यांच्या बाजारात आज हेच चालले आहे. कचेरीला खरे-खोटे ओळखता येत नाही, म्हणून ती सर्वच दाखल्यांकडे संशयाने पाहू लागते. मग नव्या अटी येतात : दाखला शासकीय रुग्णालयाचाच हवा, सोबत रक्ततपासणीचा अहवाल हवा, औषधांच्या पावत्या हव्यात, जिल्हा शल्यचिकित्सकांचे दुसरे मत हवे. या अटींचा जाच कोणाला होतो? लग्नाला जाऊन आलेल्या गृहस्थाला मुळीच नाही. तो पुढल्या वेळी वेगळी सबब शोधतो. जाच होतो तो खऱ्या आजाऱ्याला. अंगात ताप असताना जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून केसपेपर काढावयाचा तो त्याने. बाकावर शेजारी बसलेल्या वृद्धाला आपला संसर्ग द्यावयाचा तो त्यानेच. आणि तेथल्या डॉक्टरने खरोखरीच्या अत्यवस्थ रुग्णाला द्यावयाची पाच मिनिटे, उतरलेल्या तापाचा दाखला लिहिण्यात घालवावयाची.

ज्या दुखण्यांची खूण अंगावर दिसत नाही, ती दुखणी तर या संशयाखाली पूर्णच चिरडली जातात. अर्धशिशीने खोलीत अंधार करून पडलेली शिक्षिका, मासिक पाळीच्या असह्य वेदनांनी त्रस्त झालेली टंकलेखिका, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत ओकाऱ्यांनी हैराण झालेली आणि ती बातमी एवढ्यात कचेरीत सांगू न इच्छिणारी कर्मचारी, नैराश्याच्या आजाराने सकाळी अंथरुणातून उठू न शकणारा विद्यार्थी, यांच्यापाशी दाखवायला ना क्ष-किरण चित्र असते, ना रक्ताचा अहवाल. त्यांच्यापाशी असतो तो फक्त त्यांचा शब्द आणि त्या शब्दाला दुजोरा देणारी एका डॉक्टरची सही. ती सही बाजारात स्वस्त झाली की या माणसांचा शब्दही स्वस्त होतो. खोट्या दाखल्याने सरकारचे किती पैसे बुडाले याचा हिशेब एखादा लेखापरीक्षक कधी तरी मांडील. परंतु खऱ्या आजाऱ्याचा बुडालेला विश्वास कोणत्या ताळेबंदात धरावयाचा?

परदेशांतले धडे

हा पेच केवळ आपलाच नाही. जर्मनीत साध्या सर्दीपडशासाठी व्हॉट्सॲपवरून आजाराचा दाखला मिळवून देणारी एक सेवा निघाली होती. डॉक्टरशी प्रत्यक्ष भेटीवाचून अशा दाखल्याची जाहिरात करण्यास हॅम्बुर्गच्या न्यायालयाने २०१९ साली मनाई केली. मात्र त्याच जर्मनीने डिसेंबर २०२३ पासून दूरध्वनीवरून दाखला देण्याची पद्धत कायम स्वरूपात मान्य केली आहे. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो, पण तो तसा नाही. दूरध्वनीवरचा दाखला मिळतो तो ज्या दवाखान्याला रुग्ण आधीपासून माहीत आहे तेथूनच, लक्षणे गंभीर नसतील तरच, आणि पाच दिवसांपुरताच. तेथल्या व्यवस्थेने महत्त्व दिले ते साधनाला नव्हे, ओळखीला. शिवाय २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विम्याखालील कर्मचाऱ्याच्या दाखल्याची माहिती मालक विमासंस्थेकडून थेट मागवून घेतो. कर्मचाऱ्याने कागद घेऊन हिंडावयाचे कारण उरलेले नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मानसिक आधारासाठी कुत्रा बाळगण्याची शिफारसपत्रे संकेतस्थळांवरून सर्रास विकली जाऊ लागली, तेव्हा तेथील विधिमंडळाने जानेवारी २०२२ पासून एक साधी अट घातली : शिफारसपत्र देण्यापूर्वी त्या व्यावसायिकाचा आणि रुग्णाचा किमान तीस दिवसांचा संबंध असला पाहिजे. येथेही सूत्र तेच. ज्याला ओळखत नाही, त्याच्याबद्दल साक्ष देऊ नये.

ब्रिटनने प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला हात घातला. १९८२ पासून तेथे पहिल्या सात दिवसांच्या आजारासाठी डॉक्टरचा दाखलाच लागत नाही. कर्मचाऱ्याने स्वतः सही करून आजाराची नोंद द्यावयाची असते. सात दिवसांनंतर मात्र वैद्यकीय दाखला आवश्यक. जेथे डॉक्टरला काही विशेष कळण्याजोगे नाही, तेथे त्याची सही मागायची नाही. जेथे कळण्याजोगे आहे, तेथे ती टाळायची नाही, हा त्यामागचा विचार आहे.

मागणी कमी करा, साक्ष महाग करा

यातून आपल्यासाठी निघणारा बोध सरळ आहे. पहिली गोष्ट, तीन दिवसांपर्यंतच्या आजारासाठी कर्मचाऱ्याचे सहीनिशी निवेदन पुरेसे मानावे आणि अशी रजा अर्धवेतनी अथवा परिवर्तित रजेच्या खात्यातूनच वजा करावी. नियमांतली खिडकी आज आहेच. तिला लावलेला दंड तेवढा काढून टाकावयाचा आहे. यावर आक्षेप ठरलेला आहे : मग दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अर्धी कचेरी आजारी पडेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु त्याचे उत्तर रजेच्या खात्यातच आहे. रजा हा अमर्याद साठा नाही. कर्मचारी जी रजा घेतो ती स्वतःच्या शिलकेतून घेतो, आणि परिवर्तित रजा घेतल्यास ती शिल्लक दुप्पट वेगाने आटते. वर्षातून अशी निवेदने किती वेळा चालतील याची मर्यादा घालता येईल. सुट्टीला लागून येणारी आजारपणे वारंवार आढळल्यास चौकशी करता येईल. दिवाळीचा दुसरा दिवस आजही काही दाखल्यांवाचून ओस पडत नाही. तो दाखल्यांसह ओस पडतो, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट, जेथे दाखला अपरिहार्य आहे तेथे त्याची फी तपासणीची असावी, कागदाची नव्हे. आणि दाखला नाकारला गेला तरी ती परत मिळू नये. एवढा एक नियम वैद्यकीय परिषदांनी कटाक्षाने अमलात आणला, तर दाखल्यांची दुकाने पुष्कळशी आपोआप बंद पडतील, आणि प्रामाणिक दूरवैद्यकाला धक्काही लागणार नाही. तिसरी गोष्ट, रुग्णाला प्रत्यक्ष पाहिले की पडद्यावर पाहिले की केवळ फोनवर बोलणे झाले, आणि ते कोणत्या दिवशी, हे दाखल्यावर स्पष्ट लिहिण्याची सक्ती असावी. आज दिलेल्या दाखल्यात मागील आठवड्याच्या आजाराविषयी लिहावयाचे असेल, तर "रुग्णाच्या सांगण्यावरून" हे दोन शब्द डॉक्टरने लिहिले पाहिजेत. खरे तेवढेच लिहिलेला दाखला दुबळा दिसेल, पण तो खोटा नसेल. चौथी गोष्ट, प्रत्येक दाखला डॉक्टरच्या नोंदणी क्रमांकावरून पडताळून पाहण्याची सोय असावी. डॉक्टरांची नोंदवही आज संगणकावर पाहता येते. तीत दाखल्यांचीही क्रमवार नोंद राहिली, तर एकाच सहीने दिवसाला दोनशे माणसे आजारी पाडणारा डॉक्टर लपून राहू शकणार नाही. रुग्णाच्या आजाराचे नाव मात्र कचेरीला कळण्याचे कारण नाही. तो कामास असमर्थ होता की नव्हता, एवढेच जाणण्याचा तिचा अधिकार आहे.

शाळा-महाविद्यालयांनीही आपल्यापुरते पाऊल उचलण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. अठरा वर्षांच्या मुलाला उपस्थितीसाठी विकतचा दाखला आणावयास लावणारी संस्था, त्याला अर्थशास्त्र शिकवो वा न शिकवो, एक धडा मात्र पक्का शिकवते : सत्य सांगण्यापेक्षा कागद जोडणे सोयीचे असते. हा धडा गिरवून तो उद्या लिपिक होईल, शिक्षक होईल, कदाचित डॉक्टरही होईल. मग त्याच्या सहीवर कोणी विश्वास ठेवावा?

तापातून उठून चौथ्या दिवशी कामावर आलेल्या त्या लिपिकाला कोणालाही फसवावयाचे नव्हते. "ताप होता, घरीच पडून होतो," एवढे खरे वाक्य त्याच्यापाशी होते आणि तेवढ्यावर त्याचे भागावयास हवे होते. त्या वाक्याला जागा नाही असे व्यवस्थेने सांगितले, तेव्हाच दुसऱ्याचे खोटे वाक्य विकत घेण्याची पाळी त्याच्यावर आली. दाखल्यांची दुकाने बंद करण्याचा विचार जरूर व्हावा. पण त्याआधी त्या खऱ्या वाक्यासाठी अर्जात दोन ओळींची जागा ठेवली जावी.